एक कान उभा, एक पडलेला

गावातल्या वंशावळ मंडळात आत्याला पाठीमागे सगळे 'खोडरबर' म्हणत. ते तिच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून तिला आवडलंही होतं. उभा जन्म रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढल्यावर माणसाला भेसळ खपत नाही, मग ती नमुन्यात असो की पूर्वजांत. पोस्टातल्या बाई मंडळात नव्याने आल्या तेव्हा आपले खापरपणजोबा जहाजाचे कप्तान होते असं छाती पुढे काढून सांगत असत. आत्याने बंदरातले जुने कागद चाळले आणि कप्तानसाहेबांना खाली उतरवून थेट जहाजाच्या स्वयंपाकघरात पाठवलं. ते कांदे सोलत होते. पोस्टातल्या बाई त्यानंतर बराच काळ तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत होत्या.

आज पाळी घरच्यांची होती.

दुपारीच ती दादाकडे जाऊन बसली. दादा आरशासमोर उभा राहून शर्टाचं वरचं बटण लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता. पंच्याहत्तरी ओलांडलेला, नदीनाल्यांवर डझनावारी पूल उभे केलेला माणूस, आणि तोंडी परीक्षेला निघालेल्या पोरासारखा अस्वस्थ.

"लाव तरी किंवा काढ तरी," वहिनी पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत म्हणाली. "लग्नात एवढा नटला नव्हतास."

"लग्नात मला कुणी पुरावा मागितला नव्हता," दादा म्हणाला. "धाकटे, आज अध्यक्ष काय काय विचारतील?"

"नेहमीचंच. पहिली चूल कुठली, दुसरी कुठली."

हा मंडळाचा नियम होता आणि तो आत्यानेच घालून दिलेला होता. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मंडळ भरत असे. तिथल्या भिंतीवर एकेका घराण्याची वंशावळ टांगलेली असायची. नवीन काहीही कळलं की ते आधी पेन्सिलीने लिहायचं. मग दोन चुलींवरून, म्हणजे दोन वेगळ्या घरांतून, तेच ऐकू आलं, किंवा एका चुलीवरून आणि एखाद्या भरवशाच्या कागदावरून, की अध्यक्ष कपाटातलं पेन काढणार आणि त्यावर शाई फिरवणार. एका चुलीवर जेवलेली दहा तोंडं म्हणजे एकच तोंड. शाई एकदा फिरली की ती खोडायची नाही, मग आभाळ कोसळलं तरी.

आत्याच्या घराण्याच्या वंशावळीत सगळी नावं शाईत होती. पेन्सिलीत उरलं होतं ते एकच वाक्य, पणजोबांच्या चौकटीतलं: 'नदीवरचा जुना पूल यांनी बांधला.' पुलाचे कागद पुरात गेले होते. गावात जे जे सापडत नाही ते त्या पुरातच गेलं, असं मानायची पद्धत होती. त्यामुळे इतकी वर्षं एकच चूल होती, बाबांची. झोपताना बाबा ती गोष्ट सांगायचे. दादाने ती ऐकली आणि तो इंजिनियर झाला. पहिल्या मुलाखतीत, निरोपाच्या भाषणात, मुलाच्या लग्नात, सगळीकडे त्याने ती सांगितली होती. "आमच्या रक्तातच पूल आहे," तो म्हणायचा. तेवढ्यापुरती आत्या खिडकीबाहेर बघायची, कारण रक्तात काय काय असतं ते तिला बरंच ठाऊक होतं.

बाबांबद्दल मात्र दादा कधी बोलत नसे. बाबा वजनमापं तपासणारे कारकून होते. दुकानादुकानात जाऊन तराजू बघायचे, खोटी वजनं जप्त करायचे, दुकानदारांच्या शिव्या खायचे आणि संध्याकाळी धूळ झटकत घरी यायचे. बढतीच्या वेळी त्यांना नेहमी डावललं गेलं. वंशावळीत त्यांच्या चौकटीत दादाने एकच शब्द लिहायला लावला होता: 'नोकरी.'

दारात गाडी थांबली. पुतण्या आत आला, हाताला पितळ घासायच्या पावडरीचा वास. त्याचं पाट्या बनवायचं दुकान होतं.

"पाटी डिकीत ठेवलीय," तो म्हणाला. "काय चकाकतेय. पणजोबांचं नाव, खाली 'या पुलाचे शिल्पकार.' मंडळाचं पत्र मिळालं की नगरपालिका सोमवारी बसवते."

"आधीच कोरलीस?" आत्याने विचारलं.

"आत्या, दुसरी चूल मिळालीय ना आता. तुमच्याच कपाटातून."

तेवढं खरं होतं. मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांनी कधीकाळी गावातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं टेपवर घेऊन ठेवलं होतं. सगळ्या टेप कपाटात पडून होत्या. हॉल रंगवायला काढला तेव्हा पुतण्याच्या हाती एक लागली, तिच्यावर लिहिलं होतं, 'सलूनवाले, जुना पूल.' सलूनवाले दोनतीन वर्षांमागे गेले. त्यांचं घर निराळं, चूल निराळी. आणि मंडळाच्या रीतीप्रमाणे ती टेप अजून कुणीच ऐकली नव्हती. पुरावा सगळ्यांसमोरच उघडायचा, म्हणजे कुणी आधीच उत्तरं जुळवून येत नाही. हाही नियम आत्याचाच.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "आज जरा हात आखडता घ्या. याला रात्रभर झोप नाही."

"टेप बोलेल ते बोलेल. माझ्या हातात काय आहे?"

"तुमच्या हातात काय असतं ते सगळ्या गावाला माहीत आहे."

हॉल भरलेला होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता. औषधाचं दुकान मुलाच्या ताब्यात देऊन मोकळे झालेले अध्यक्ष टेबलाशी बसले होते आणि सवयीने समोरचे कप ओळीत लावत होते. मधल्या रांगेत पोस्टातल्या बाई, हाताची घडी घालून. पहिल्या रांगेत दादा, वहिनी, पुतण्या. आत्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत, टेबलाच्या कडेला, समोर पेन्सिल आणि खोडरबर. तो झिजून झिजून गोटीएवढा झाला होता.

अध्यक्षांनी बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग कैचीचा आवाज, कारण पहिल्या अध्यक्षांनी मुलाखत घेता घेता केसही कापून घेतले असावेत. हॉलमध्ये हशा पिकला. मग सलूनवाल्यांचा आवाज आला, जाड, थोडा बसलेला.

"जुना पूल ना? तो त्या वजनमापवाल्यांच्या आजोबांनी बांधला. हे तर पोराटोरांना माहीत आहे."

दादाने वहिनीचा हात धरला. माणसांसमोर त्याने तिचा हात धरल्याचं आत्याने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"पूल तयार झाला," टेप सांगत होती, "पण पाय ठेवायला कुणी धजेना. खाली नदी ही एवढी. मोठेमोठे लोक काठावर उभे, एकमेकांना म्हणतायत, तुम्ही व्हा पुढे. आता एक श्वास घ्या. तर त्या आजोबांचा एक कुत्रा होता. अंगावर ठिपके ठिपके. एक कान उभा, एक पडलेला. तो निघाला. शेपटी वर करून मजेत पुलाच्या मध्यापर्यंत गेला, आणि तिथे थांबला. मागे वळून बघतोय. का? तर मालक येतोय ना मागून, हे बघायला. मग आजोबा निघाले, आणि मग सगळं गाव."

पुढे पुन्हा खरखर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुतण्या उभा राहून मागे सगळ्यांकडे बघून हसत होता.

आत्याने टाळी वाजवली नाही.

तो कुत्रा तिचा होता.

ती सात वर्षांची असताना घरात ठिपक्या होता. दाराच्या फटीत सापडून त्याचा डावा कान कायमचा पडला होता. चालताना तो पुढे धावायचा आणि थोडं अंतर गेलं की थांबून मागे बघायचा, आपली माणसं येतायत ना याची खात्री करायला. एका सकाळी तो ट्रकखाली गेला. तिने जेवण टाकलं, बोलणं टाकलं. दादा ठिपक्या यायच्या आधीपासूनच शिकायला बाहेरगावी होता. रात्री बाबा तिच्या उशाशी बसले आणि नेहमीची पुलाची गोष्ट सांगू लागले, आणि मध्येच त्यात ठिपक्याला घेऊन आले. त्याआधी त्या गोष्टीत कुत्रा नव्हता. "तो नसता गेला तर पूल तसाच पडून राहिला असता," बाबा म्हणाले, आणि ती त्या रात्री झोपली.

म्हणजे सलूनवाल्यांनी ही गोष्ट ऐकली ती गावात नाही, पिढ्यानपिढ्या चालत आलेली तर नाहीच. त्यांनी ती आपल्या खुर्चीत बसून केस कापून घेणाऱ्या बाबांकडून ऐकली. चूल एकच होती. आणि हे साऱ्या जगात एकट्या आत्याला कळण्यासारखं होतं. बाबा गेले, आई गेली, ठिपक्याला ओळखणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. ती गप्प बसली तर कुणालाही, कधीही, पत्ता लागणार नव्हता.

"चहा घेऊ आणि मग शाई," अध्यक्ष म्हणाले.

खुर्च्या सरकल्या. आत्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. कप हातात घेऊन वहिनी मागोमाग आलीच. चाळीस वर्षं एकमेकींना ओळखल्यावर चेहरा लपवून उपयोग नसतो.

"काय झालं वन्सं?"

आत्याने थोडक्यात सांगितलं. वहिनीने ऐकलं, चहाचा एक घोट घेतला, कप खिडकीत ठेवला.

"कुणाला सांगितलंत?"

"तुलाच."

"मग इथेच राहू दे. हे बघा, पूल बांधला नसेल पणजोबांनी. मग कुणीतरी दुसऱ्याने बांधला असेल, आणि तो काही पाटी मागायला येणार नाही. ह्याने एवढे पूल बांधले, एकावरही याचं नाव नाही. आजची एक पाटी बघून मरू दे त्याला सुखाने."

"आणि पोस्टातल्या बाईंना काय सांगू? त्यांचा कप्तान मी खाली उतरवला, आणि माझा वर चढवला?"

"त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

वहिनीने खिडकीतला कप पुन्हा उचलला. हॉलच्या त्या टोकाला दादा कुणाला तरी दोन्ही हातांनी कमान करून दाखवत होता. त्याचं ते बटण अखेर लावलेलं होतं. आत्याला त्याची इतकी माया आली की डोळे भरून आले. तिला मनापासून वाटलं की गप्प बसावं. एक गोळी गिळावी तसं गिळून टाकावं आणि घरी जाऊन झोपावं. पण मग तिच्या मनात आलं की शाई फिरली की ठिपक्या पणजोबांचा होईल. बाबांनी आपल्या रडणाऱ्या पोरीसाठी जे केलं ते कुठेच उरणार नाही. त्याच्यावर पितळेची पाटी बसेल.

सगळे परत बसले. अध्यक्षांनी कपाटातून पेन काढलं, टोपण उघडलं, कागदावर शाई उतरतेय का ते बघितलं.

"कुणाची हरकत?"

"माझी आहे," आत्या म्हणाली.

पुतण्याने आधी ते चेष्टेवारीच नेलं. मग ती उठून उभी राहिली आणि सांगत गेली, ठिपक्याचं, दाराच्या फटीचं, ट्रकचं, त्या रात्रीचं. प्रयोगशाळेत रिपोर्ट वाचायची तशा सपाट आवाजात तिने सुरुवात केली, पण कानापाशी आल्यावर ती थांबली. पाणी प्याली, आणि मग तिने उरलेलं पुरं केलं. पोस्टातल्या बाईंनी हाताची घडी सोडली होती.

"म्हणजे चूल एकच," अध्यक्ष हळू म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

"वा," पुतण्या म्हणाला. "इतक्या वर्षांत एकदा घरच्यांसाठी गप्प बसायचं होतं, आत्या. तेवढंही झालं नाही. कुत्रे काय, कान पडलेले हजार असतात. तू सात वर्षांची होतीस, तुला काय आठवतंय?"

"आठवतंय तिला," वहिनी एकदम म्हणाली. आत्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. "आणि तू आत्याशी नीट बोल. पाटी कोरायची घाई तुला झाली होती, तिला नाही."

"आई, तू पण?"

"मी पण."

दादा मात्र समोरच्या टेपकडे बघत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर आत्याला बरं वाटलं असतं. रागाशी तिची जुनी ओळख होती.

"मला त्यांनी कुत्र्याशिवाय सांगितली होती," शेवटी तो म्हणाला.

"तू तेव्हा मोठा झाला होतास, दादा. घरी नव्हतास."

"हं." तो अध्यक्षांकडे वळला. "ती टेप परत लावता का? तेवढीच."

टेप मागे फिरली. पुन्हा कैची, पुन्हा तो बसलेला आवाज. मोठेमोठे लोक काठावर उभे, तुम्ही व्हा पुढे. आता एक श्वास घ्या.

"थांबवा," दादा म्हणाला.

अध्यक्षांनी टेप बंद केली.

"'आता एक श्वास घ्या' कोण म्हणायचं, धाकटे?"

आत्याला ते पहिल्या वेळी ऐकूच आलं नव्हतं. ती कुत्र्यातच अडकली होती. पण आता दादाने विचारल्यावर अंधारातला पलंग आणि बाबांचा खाली केलेला आवाज जसाच्या तसा समोर आला. गोष्टीत गंमत यायच्या आधी ते दर वेळी थांबायचे. पोरांना श्वास घ्यायला लावायचे. स्वतःही घ्यायचे.

"बाबा," ती म्हणाली.

"बाबांचा आवाज आपल्याकडे कुठेच नाही," दादा म्हणाला. तो सगळ्यांशी बोलत होता, की कुणाशीच नाही. "फोटो आहेत, तेही लग्नातले, मागच्या रांगेतले. मला वाटलं होतं, आवाज गेला. मी तर विसरूनच गेलो होतो की कसे बोलायचे. आणि हा सलूनवाला हुबेहूब त्यांच्यासारखं सांगतोय. दिवसभर शिव्या खाऊन आलेला माणूस, केस कापायला बसला तरी गोष्टच सांगत होता." त्याने चष्मा काढून पुसला. "मी मुलाखतीत पणजोबांचं नाव सांगितलं. पूल मला बाबांनी दाखवला होता, हे कधी कुणाला बोललो नाही. मला त्यांची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू."

वहिनीने या वेळी स्वतःच त्याचा हात धरला.

थोड्या वेळाने दादाने चष्मा चढवला, आणि त्याच्यातला इंजिनियर जागा झालेला आत्याला स्पष्ट दिसला. त्याने बोट उगारलं.

"अध्यक्ष, एक विचारतो. या टेपने पूल कुणी बांधला ते शाबीत होत नाही. मान्य. मग तिने काय शाबीत होतं?"

अध्यक्षांनी कप पुन्हा ओळीत लावले. "तुमचे वडील ही गोष्ट सांगायचे, एवढं होतं."

"सलूनमध्ये सांगायचे. ती सलूनवाल्यांची चूल. घरी आम्हाला सांगायचे. ती आमची. चुली किती झाल्या?"

मधल्या रांगेतून पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "दोन." आणि मग, बऱ्यापैकी प्रेमाने, "आमच्या कप्तानाला सोबत मिळाली तर."

लोक हसले, आणि कोंडलेलं काहीतरी सुटल्यासारखं झालं. पुतण्याही हसला, जरा उशिरा. "त्या पाटीचं काय करू?" त्याने विचारलं. "कोरलेलं काही खोडरबरने जात नाही."

"मागच्या बाजूला कोरं असतं ना?" वहिनी म्हणाली. "कधीतरी उपयोगी पडेल."

अध्यक्षांनी पेन उचललं, भिंतीपर्यंत गेले आणि तिथून परत आले. "हे तुम्ही लिहा," ते आत्याला म्हणाले.

इतक्या वर्षांत तिने ते पेन हातात घेतलं नव्हतं. खोडणं हेच तिचं काम होतं आणि तिला त्याचा अभिमान होता. ती वंशावळीसमोर उभी राहिली. पणजोबांच्या चौकटीतलं पेन्सिलीचं वाक्य तिने तसंच ठेवलं. पुढेमागे कुणाला दुसरी चूल सापडली तर सापडली. मग ती खाली बाबांच्या चौकटीपाशी आली. 'नोकरी' या शब्दापुढे जागा होती. तिने लिहिलं, 'गोष्टी सांगत.' शाई वाळेपर्यंत ती हलली नाही.

घरी जायला पूल ओलांडावा लागायचा. पुतण्याने गाडी आणली होती. वहिनी गुडघ्यांमुळे तिच्यात बसली, पण दादा म्हणाला, मी चालत येतो, आणि आत्याही त्याच्याबरोबर निघाली. संध्याकाळचा उजेड होता अजून. नदीला पाणी कमी होतं. कुठलासा सायकलवाला घंटी वाजवत बाजूने गेला. दादा कमानींकडे बघत होता, आयुष्यभर बघत आला होता तसाच.

मध्येच आत्याच्या चपलेचा अंगठा निसटला. ती कठड्याला धरून वाकली. दादाला ते कळलं नाही, तो आपल्याच नादात पुढे गेला. चप्पल नीट करून तिने वर पाहिलं तर तो पुलाच्या मध्यावर थांबला होता आणि मागे वळून, ती येतेय ना, ते बघत होता.

आत्याला हसू फुटलं आणि रडूही.

"काय गं, काय झालं?" तिकडून त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तू हो पुढे. मी येतेच आहे मागून."